भुऱ्या कुठे गेला

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आईला नाही, मित्राला नाही. देवापुढे हात जोडून बसलो की जिभेवर यायची, पण तिथेही गिळून टाकली. मग तुम्हालाच का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा काल जे घडलं त्यानंतर गप्प बसवत नाही म्हणून. सकाळपासून किती वेळा बसलो आणि किती वेळा उठलो. पाणी प्यालो, उगीच तळ्यापर्यंत जाऊन आलो, पुन्हा बसलो.

मी ठाण्याच्या कोर्टात कारकून आहे. आरोपी गुन्हा कबूल करतो तेव्हा त्याचं बोलणं उतरवून घ्यायचं, हे माझं काम. इतकी वर्षं ते करून एक गोष्ट कळली आहे — ज्याला खरोखर कबुली द्यायची असते तो आधी भलतंच बोलत राहतो. त्या दिवशी ऊन कसं होतं, बैल कुठे बांधला होता, सकाळी भाकरीबरोबर काय खाल्लं. साहेब चिडतात, मुद्द्यावर ये म्हणतात. मी लेखणी थांबवून वाट बघतो, कारण त्याला मुद्द्यापर्यंत चालत यावं लागतं. मलाही तसंच यावं लागणार आहे. जरा सांभाळून घ्या.

गोष्ट एका सशाची आहे. हसू आलं? येऊ द्या. मीही कित्येक वर्षं स्वतःला तेच सांगत आलो — अरे, ससा तो, माणूस नव्हे.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, इंग्रजी शाळेत जात होतो, आणि माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. आमचे आप्पा कलेक्टर कचेरीत होते. तिथल्या एका साहेबाची बदली झाली आणि बंगल्यातल्या सामानाचा लिलाव पुकारला. खुर्च्या गेल्या, आरसे गेले, बाजाची पेटीसुद्धा कुणा पारशाने उचलली. उरला तो एक लाकडी पिंजरा आणि त्यातला पांढरा ससा. त्याच्यावर बोली लावायला कुणी पुढे येईना. खाणाऱ्यांना तो फार लहान वाटला आणि न खाणाऱ्यांना त्याचं करायचं काय ते कळेना. आप्पांना कुणाचे हाल बघवत नसत. संध्याकाळी हमालाच्या डोक्यावर पिंजरा देऊन ते घरी आले आणि चोरी करून आल्यासारखे अंगणातच उभे राहिले.

आईने आधी सशाकडे पाहिलं, मग आप्पांकडे. "साहेबाच्या घरचं खाल्लेला जीव, आणि माझ्या घरात?" — एवढंच म्हणाली, पण आप्पांचा चेहरा पडला. शेवटी तोड निघाली. सशावर गोमूत्र शिंपडलं. त्याने ते लगेच चाटून अंग साफ केलं. आता तो आतून-बाहेरून शुद्ध झाला, असं आप्पांनी जाहीर केलं, तेव्हा आईलाही हसू आवरेना. पण नेम ठरला — सशाने मागच्या पडवीचा उंबरा ओलांडून आत यायचं नाही, आणि सोवळ्यात असलेल्या कुणी त्याला शिवायचं नाही. मग उरलं कोण? घरातली सून. सगळ्यांत लहान, कुणीही सांगावं आणि तिने करावं. ससा तिच्या गळ्यात पडला.

जानकी. बघा, तिचं नाव लिहिताना हात अडखळला. मी तिला मोठ्याने नावाने कधी हाक मारलेली नाही. तिचं माहेर कल्याणचं. तेव्हा तिला अकरावं लागलं होतं, रात्री ती आईजवळ निजायची. नवऱ्याने बायकोशी वडीलधाऱ्यांसमोर बोलायचं नाही ही आमच्यातली रीत, आणि आमच्या घरात वडीलधारं कुणी नाही अशी जागाच नव्हती. लग्नाला वर्ष झालं तरी आमचं एकमेकांशी अक्षरभरही बोलणं झालं नव्हतं. मला ती ठाऊक होती ती दाराआड नाहीसं होणारं लुगड्याचं टोक म्हणून.

ससा पहिले काही दिवस पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. बाहेर काढला की भाताच्या कणगीमागे दडायचा. मी इंग्रजी शिकलेला, मला वाटायचं की धरून मांडीवर घेतला म्हणजे माणसाळेल. त्याच्यामागे पडवीभर धावायचो, गुडघे फोडून घ्यायचो. तो मागचा पाय जमिनीवर आपटायचा आणि आणखी आत शिरायचा. जानकी काहीच करत नसे. ती जमिनीवर पाठ फिरवून भाजी निवडत बसायची, कोथिंबिरीच्या दोन काड्या मागे टाकायची आणि वळून बघायचीसुद्धा नाही. एके दिवशी मी आतून पाहिलं तर तो येऊन तिच्या पदराचं टोक दाताने ओढत होता. तरी ती वळली नाही. काही दिवसांनी तो तिच्या गुडघ्यावर मान टाकून डोळे मिटायला लागला. कानामागे कुरवाळलं की हलके दात वाजवायचा. आवडलं की ससा तसं करतो, हे मला मागाहून तिच्याकडूनच कळलं.

मग मीही शिकलो. शाळेतून आलो की पडवीत पालथा पडायचो, हनुवटी जमिनीला टेकवून, श्वास आवरून. एकदा तो दबकत आला, माझ्या पाठीवर चढला आणि शेंडी कुरतडायला लागला. मला हलता येईना, ओरडता येईना. आणि उंबऱ्याच्या आतून कुणीतरी खळखळून हसलं. वर्षभरात मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला, तो असा.

हसू दाबून ती सशाला म्हणाली, "भुऱ्या, सांग रे कुणाला तरी. शेंडीला गाठ मारून निजावं म्हणावं."

साहेबाच्या घरचा, गोरापान, म्हणून भुऱ्या. हे नाव तिनेच ठेवलं होतं. मी जमिनीला हनुवटी लावूनच म्हणालो, "भुऱ्या, म्हणावं, गाठ मारली तर तू खाणार काय?"

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. ती मला नव्हे, भुऱ्याला सांगायची. मी तिला नव्हे, भुऱ्याला. "भुऱ्या, वरच्या फळीवरचा डबा माझ्या हाताला येत नाही बघ." "भुऱ्या, कल्याणच्या खाडीत मोठी गलबतं येतात का रे?" आईला हे ऐकू येत नव्हतं का? येत असणार. पण सशाशी बोलणाऱ्या पोरांना बोलायचं काय, असं तिला वाटलं असावं. तिने कानाडोळा केला.

किती खेळलो आम्ही त्या पडवीत! पाट उभे-आडवे लावून बोगदा करायचो. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी, आणि भुऱ्या मधून सुसाट. दुपारी अंगात वारं शिरलं की तो हवेत उडी मारायचा आणि वरच्या वर अंगाला पीळ द्यायचा. कुठे उतरेल याचा नेम नसे. एकदा आईच्या पापडांच्या पिठात उतरला. वाट्या पालथ्या घालून एकीखाली पेरूचं पान लपवलं की नाकाने बरोबर तीच वाटी ढकलायचा. मी मुद्दाम चुकवायला जायचो तर जानकी म्हणायची, "भुऱ्या, खोटं खेळणाऱ्याशी कट्टी घे." तो खरंच माझ्याकडे पाठ करून बसायचा.

आणि अक्षरं. जमिनीवर राख पसरून मी भुऱ्याला अक्षरं शिकवायचो — हा क, हा ख. भुऱ्या त्यांवरून चालत जायचा. पण ती शिकली. मी शाळेत गेल्यावर ती राखेत गिरवून ठेवायची. संध्याकाळी मी बघायचो आणि भुऱ्याला शाबासकी द्यायचो. बायकांनी शिकणं आमच्या घरात बसणारं नव्हतं, पण सशाला शिकवू नये असं कुठे कुणी म्हटलं होतं? आम्ही जोडाक्षरांपर्यंत आलो होतो.

इतकं सगळं चांगलं होतं. मग मला काय झालं?

तेच सांगायचं आहे आणि तेच सांगवत नाही. कळतंय ना, मी कसा भोवती भोवती फिरतो आहे?

श्रावण लागला होता. शाळा लवकर सुटली आणि मी मागच्या दाराने आलो. जानकी पडवीत बसली होती, भुऱ्या मांडीवर. ती रडत होती. तिला नागपंचमीला माहेरी जायचं होतं आणि आईने नाही म्हटलं होतं. मी खांबाआड थांबलो. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "तू आहेस म्हणून मी इथे आहे रे. तुझ्यावाचून या घरात माझं आहे कोण?"

कोण? मी कुणीच नव्हतो? एवढे महिने मी पालथा पडून शेंडी खाऊ घालत होतो तो कुणासाठी? आज हसू येतं — नाही, येत नाही. एका अकरा वर्षांच्या रडणाऱ्या पोरीचं बोलणं मी चोरून ऐकलं आणि मला त्यात तिचं रडू ऐकू आलंच नाही. ऐकू आलं ते एवढंच, की माझी जागा सशाच्याही खाली आहे. दोन दिवस मी धुमसत होतो. एकदा धीर करून थेट तिलाच म्हणालो, "माझ्याशीच बोल ना. त्याला कशाला मध्ये घेतेस?" ती घाबरली. आत कुणी आहे का ते तिने पाहिलं, भुऱ्याला उचललं आणि त्यालाच म्हणाली, "त्यांना सांग, असं बोलले तर मला सासूबाईंचं ऐकून घ्यावं लागेल." तिचं बरोबर होतं. मला मात्र वाटलं की हा ससा आहे तोवर ही माझ्याशी बोलायची नाही. तो मधून गेला की बोलेल. तिला दुसरं कोण आहे?

असा हिशेब मी केला. सोळाव्या वर्षी, शुद्धीवर राहून.

श्रावणी सोमवार, शाळा अर्धाच दिवस. सकाळी आई तिला घेऊन देवळात गेली. आप्पा पूजेला बसले होते. मी पिंजऱ्याची कडी काढली, भुऱ्याला टोपलीत ठेवलं, वर पंचा झाकला. तो धडपडला नाही, कारण मला ओळखत होता. पिंजऱ्याचं दार मी उघडंच टाकलं. आपणच पळाला असं वाटावं म्हणून. आदल्या संध्याकाळी कडी कुणी लावली होती, आणि दार उघडं दिसलं तर बोल कुणावर येईल, याचा मी विचारच केला नव्हता — नाही. हे खोटं आहे. विचार आला होता. बोल तिच्यावर जातील, मग मी तिची बाजू घेईन, आणि तिला कळेल आपलं कोण आहे ते. एवढा पुढचा विचार मी केला होता.

खाडीवर आगगाडीचा पूल होता, पण माणसं तरीनेच, म्हणजे होडीनेच, पलीकडे कळव्याला जात. तरीत माझ्यासमोर एक आगरीण बसली होती, भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन घरी चाललेली. तिने विचारलं, "टोपल्यान काय हाय र, दादा?" मी म्हटलं, फुलं. तेवढ्यात पंच्याखालून एक कान वर आला. ती एवढी हसली की होडी हलली. "फुलांना कान फुटलं गो बाय!" मग पुढे वाकून तिने भुऱ्याच्या कपाळावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "मना दे याला. माजी पोर जीव लावील."

ऐकलंत? त्याला घर मिळत होतं. मी नुसतं हो म्हणायचं होतं. पण ती बाई रोज ठाण्याच्या बाजारात भाजी विकायला येणारी. आज ना उद्या आमच्या दाराशी आली असती, बोलली असती. मी म्हणालो, "नाही, मामाकडे न्यायचाय." ती म्हणाली, "बरा." आणि तिने पाट्या सारख्या केल्या.

पलीकडे मी शेतांच्या बांधाबांधाने बराच आत गेलो. माणूस दिसेना तिथे टोपली खाली ठेवली आणि कलती केली. भुऱ्या बाहेर आला, गवत हुंगलं आणि माझ्या पायाशी येऊन बसला. मी टाळ्या वाजवल्या. त्याला तो खेळ वाटला. त्याने एक उडी मारली, वरच्या वर पीळ देऊन, आणि परत पायाशी. मी पाय आपटला. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी चिखलाचं ढेकूळ उचललं आणि त्याला मारलं. लागलं. तो भातात शिरला आणि मी पळत सुटलो. वळून पाहिलं नाही, असं मी स्वतःला सांगत असे. पाहिलं होतं. हिरव्यागार भातात तो पांढरा, लांबूनसुद्धा उठून दिसत होता. वर घारी होत्या.

घरी आलो तेव्हा दुपार होत आली होती. पडवीत आई, आप्पा आणि पिंजऱ्यासमोर जानकी. तिच्या हातात देवळातून येताना त्याच्यासाठी खुडलेलं कोवळं गवत तसंच होतं. ती आईला सांगत होती, "मी कडी लावली होती. खरंच लावली होती. हाताने ओढून पाहिली होती." आई म्हणाली, "मग काय सशाने काढली?" आणि माझ्याकडे वळून, "तू पाहिलीस का रे, शाळेला जाताना?"

हीच ती वेळ होती, तिची बाजू घ्यायची. याच वेळेसाठी तर सगळं केलं होतं. पण आई माझ्याकडे बघत होती, आप्पा बघत होते, माझ्या पायांना खाडीचा चिखल होता, आणि मी म्हणालो, "उघडीच होती. मी निघालो तेव्हा उघडीच पाहिली. मला वाटलं हिनेच मोकळा सोडलाय."

जानकीने मान वर केली. घरच्यांसमोर तिने माझ्याकडे सरळ पाहिलं ते तेव्हाच. त्या नजरेत संशय असता तर मी आज सुटलो असतो. संशय नव्हता. ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होती. कडीला लावलेला आपला हात आठवत होती — आणि माझ्या एका वाक्यासमोर तिने तो हात खोटा ठरवला. हळूच म्हणाली, "मग माझ्याकडूनच राहिली असेल."

आईने तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. उलट जवळ घेतलं. म्हणाली, "जाऊ दे, पोर आहेस, होतं." त्या मायेने ती आणखीच खचली. कितीतरी दिवस ती हातात पाला घेऊन कुंपणाच्या कडेने हिंडायची, वाकून हाका मारायची. मी बघत असे. मला ठाऊक होतं की हाक मारून उपयोग नाही.

आणि माझ्याशी बोलली का ती? नाही. मी पडवीत जाऊन उभा राहिलो की पदर सावरून आत जायची. मधला गेला होता, आणि त्याच्याबरोबर आमचं बोलणंही. राख पसरायला निमित्त उरलं नाही. जोडाक्षरं तिथेच राहिली, आणि आधीची अक्षरंही ती हळूहळू विसरली. आज मी लिहिलेलं तिला वाचता येत नाही, म्हणूनच हे घरात बसून निर्धास्त लिहितो आहे. ही सोयसुद्धा माझीच केलेली.

पुढे संसार झाला, जसा सगळ्यांचा होतो. जेवण वाढलंय, धोतर वाळलंय, पाहुणे आलेत, एवढं बोलणंही सुरू झालं. पण आईच्या तोंडी एक वाक्य बसलं होतं, थट्टेचं — आमच्या सुनेच्या हाती काही राहत नाही. भांडं निसटलं, दूध उतू गेलं, की हेच. कुणाच्या हातून दूध उतू जात नाही? पण जानकी हसायची नाही. काही वर्षांनी ती स्वतःच म्हणायला लागली, "माझ्याकडे नका देऊ, माझ्या हाती राहायचं नाही." दागिन्यांच्या पेटीची किल्ली तिने कधी कमरेला लावली नाही.

आमची यमू झाली. कल्याणहून बाळंतपण आटपून जानकी आली आणि मूल सासूच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "हे तुम्हीच सांभाळा." कोणत्या आजीला नको असतं? यमू आईच्या कुशीत वाढली, आजीला आई म्हणायची आणि आईला वहिनी. पुष्कळ घरांत मुलं तसं म्हणतात. आमच्याकडे मात्र ते नुसतं म्हणणं नव्हतं. एकदा यमू रांगत रांगत पायरीच्या कडेला गेली. जानकी हाताच्या अंतरावर होती. तिने उचललं नाही. जागच्या जागी थिजून तिने सासूला हाका मारल्या. मूल पडलं, ओठ फुटला. जानकी भिंतीला पाठ लावून उभी होती. मी ओटीवरून धावत आलो ते हे बघायला.

तेव्हा तरी सांगायचं होतं की नाही? एक वाक्य होतं ते. कडी तू लावली होतीस, मी काढली. यात फाशी नव्हती, काळं पाणी नव्हतं. आधी आईची भीती होती, मग लाज वाटली, मग वाटलं आता फार उशीर झाला. आणि त्यानंतर — हे लिहायला सगळ्यांत जड जातं आहे — मला ते सोयीचं वाटू लागलं. जिला स्वतःचा भरवसा नाही ती बायको प्रत्येक गोष्ट नवऱ्याला विचारते. मी म्हणेन ते बरोबर. घरात, शेजारात, मी जबाबदार माणूस म्हणून ओळखला जाऊ लागलो. मला ते आवडलं.

आई दोन वर्षांमागे गेली. यमू कल्याणलाच दिलेली. तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे काय सांगायला हवं? मी खोली झाडून घेतली, बाज आणवली. जानकी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तिला आणू नका. आता सासूबाई नाहीत. माझ्या हातून काहीतरी राहील आणि मग मी काय करू?" मी तिला काय सांगायला हवं होतं हे तुम्हाला आता माहीत आहे. मी म्हणालो, "बरं." दुसऱ्या दिवशी गाडीने कल्याणला गेलो आणि व्याह्यांना सांगितलं की हिची प्रकृती बरी नसते. ते सभ्य लोक, त्यांनी मला जेवायला बसवलं. निघताना यमू दाराआड आली. तिने विचारलं, "नाना, वहिनीला मी नकोय का?" मी म्हणालो, "तसं नाही गं," आणि जोडे घातले.

काल यमू आली होती. दिवसापुरती, सव्वा महिन्याची मुलगी घेऊन. जानकीने दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, यमूच्या आवडीचं सगळं रांधलं. पण तिची नजर मुलीवरून हलत नव्हती. मूल जांभई देई, ही हातातलं काम थांबवी. जेवणं झाल्यावर यमू तिच्याजवळ जाऊन बसली आणि मुलगी पुढे करून म्हणाली, "वहिनी, घे ना गं. एकदा घे." जानकीचे हात पुढे आले. मी पाहिलं, अगदी पुढे आले होते, बोटं उघडली होती. मग ती मागे सरकली आणि दोन्ही हात तिने पदराखाली घेतले.

"माझ्याकडे नको," ती म्हणाली. "नानांकडे दे. त्यांच्या हातून कधी काही निसटलेलं नाही."

यमूने माझ्याकडे पाहिलं. जानकीनेही पाहिलं, विश्वासाने.

मी हात पुढे केले आणि मूल घेतलं.